एक भाकर, अनेक पंगती

रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे दोन शब्द मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. कोण कोणाच्या हातचे खातो, कोणाला ओळीत बसवतात आणि कोणाला ओसरीवर वाढतात, एवढे पाहिले की पूर्वी गावाचा सारा सामाजिक नकाशा हाती येत असे. शाळा, कचेऱ्या, आगगाड्या आल्या, हॉटेले आली, तेव्हा कुठे हा नकाशा पुसट होऊ लागला. त्यामुळे ख्रिस्ती धर्मातील एका विधीचा इतिहास या पुरवणीच्या वाचकांपुढे ठेवताना मला एक मोठी सोय आहे. हा विधी म्हणजे मुळात एक जेवण आहे, आणि जेवणाच्या पंगतीचे शास्त्र आपल्याला उपजत कळते.

मी मूळचा नगरचा. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आला त्याला पाच पिढ्या झाल्या. मंडळातील स्नेही नाताळच्या शुभेच्छा आवर्जून देतात, केकचीही चौकशी करतात. परंतु ख्रिस्ती माणसाच्या वर्षभराच्या उपासनेचे केंद्र असलेले ‘प्रभुभोजन’ म्हणजे काय, हे फारसे कोणी विचारत नाही. तेव्हा आधी तेच थोडक्यात सांगतो.

येशूला क्रुसावर दिले त्याच्या आदल्या रात्री तो आपल्या बारा शिष्यांबरोबर जेवायला बसला होता. यहुद्यांच्या वल्हांडण सणाचे ते दिवस. त्याने भाकर हातात घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि सर्वांना दिली. मग द्राक्षारसाचा प्याला सर्वांमध्ये फिरवला. ही भाकर म्हणजे माझे शरीर, हा प्याला म्हणजे माझे रक्त, आणि माझी आठवण म्हणून तुम्ही हे करीत राहा, असे त्याचे सांगणे. गेली सुमारे दोन हजार वर्षे हे जेवण थांबलेले नाही. मराठी प्रॉटेस्टंट त्याला प्रभुभोजन म्हणतात; वसईचे कॅथलिक मिस्सा आणि कम्युनियन म्हणतात. ‘कम्युनियन’ या शब्दाचा सरळ अर्थ सहभागिता. जो या मेजावर जेवतो त्याची देवाशी सहभागिता होते, आणि त्याच घासाने शेजारी बसलेल्याशीही होते. या दुसऱ्या अर्धांगाचा इतिहास मला सांगायचा आहे, कारण सारी भांडणे आणि सारी आशा तिथेच आहे.

करिंथची पंगत

पहिले भांडण फार जुने आहे. ग्रीस देशातील करिंथ हे दोन समुद्रांमधले भरभराटीचे व्यापारी शहर. तेथील ख्रिस्ती मंडळीला संत पौलाने इसवी सन ५५ च्या सुमारास एक पत्र लिहिले. त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या. एखाद्या सुखवस्तू सभासदाच्या घरी सर्व जमत, एकत्र जेवत आणि त्या जेवणातच भाकर व प्याला होई. पण झाले असे, की रिकामपण असलेली श्रीमंत मंडळी लवकर येऊन पोटभर जेवून घेत, पिऊन तर्रही होत. आणि गुलाम व मजूर दिवसभराचे काम उरकून येत तेव्हा त्यांच्या वाट्याला रिकामी भांडी येत.

पौलाला याचा संताप आला. त्याचे म्हणणे साधारण असे: तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजन नव्हेच, ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता. भाकर एक आहे आणि तिचे वाटेकरी म्हणून आपण पुष्कळ जण मिळून एक शरीर आहोत, ही कल्पना त्याच पत्रात आहे. आणि उपाय म्हणून त्याने दिलेला सल्ला अगदी घरगुती आहे. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

पौल हा मोठा तत्त्वज्ञानी लेखक. त्याच्या पत्रांवर ग्रंथालये भरतील इतके लिहिले गेले आहे. पण मंडळीचे ऐक्य कशावर मोडते, हे सांगताना त्याने बोट ठेवले ते वाढपावर आणि वेळेवर, हे विसरून चालणार नाही.

नगर, नाशिक, पुणे

हे जेवण मराठी मुलखात दोन वाटांनी आले. पहिली वाट पोर्तुगीजांची, सोळाव्या शतकात गोवा आणि वसईची. दुसरी एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांची. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि १८३१ मध्ये या मिशनने अहमदनगरात ठाणे घातले. आज त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. माझ्या तोंडी मात्र ‘नगर’च बसले आहे.

नगरच्या मंडळीत सुरुवातीला आलेले लोक बहुतेक महार समाजातले होते. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती या ब्राह्मण तरुणाने त्याच मंडळीत बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर म्हणजे ग्रंथ बदलणे, देव बदलणे, असे आपण आज समजतो. त्या काळच्या नगरमध्ये खरा प्रश्न भाकरीचा होता. प्रभुभोजनाचे ताट ब्राह्मणाच्या हातून महाराच्या हाती आणि महाराच्या हातून ब्राह्मणाच्या हाती जात होते, आणि ते नाकारून मंडळीत राहता येत नव्हते. अशा एका घासाने माणूस घरातून, वाड्यातून, वारशातून उठत असे.

पावाचा हा धाक साऱ्या महाराष्ट्रात होता. विहिरीत पाव टाकला की गाव बाटतो, ही समजूत आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेली आहे. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आदींनी परमहंस सभा काढली, तेव्हा तिच्या गुप्त बैठकीत जातिभेद सोडल्याची खूण म्हणून काय करीत? ख्रिस्त्याने भाजलेला पाव खात आणि मुसलमानाच्या हातचे पाणी पीत. सभासदांची यादी बाहेर फुटल्यावर १८६० च्या सुमारास ती सभा विस्कटली. ज्यांना ख्रिस्ती व्हायचे नव्हते, त्यांनाही जात मोडण्यासाठी भाकरच उचलावी लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या सभेत वावरलेले बाबा पदमनजी पुढे १८५४ मध्ये बेळगावात ख्रिस्ती झाले.

पुण्याची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठितांना बोलावले होते. व्याख्यान झाले, मग चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसताच कप हाती धरला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी हे प्रकरण ‘पुणे वैभव’ पत्राच्या हाती दिले आणि ग्रामण्य सुरू झाले. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांना शंकराचार्यांच्या कमिशनपुढे प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला. एका कपभर चहावरून शहर दुभंगले. आणि त्याच आवारातील चर्चमध्ये, अँग्लिकन रीतीप्रमाणे, निरनिराळ्या जातींतून आलेली माणसे एकामागून एक गुडघे टेकून एकाच प्याल्याला ओठ लावीत होती. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’ने संसार मोडले, या एकाच प्याल्याने जात मोडायची होती.

मोडणे सोपे नव्हते, हे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त जितक्या मोकळेपणाने सांगितले तितके कोणीच सांगितले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, परत आल्या त्या सोवळे घेऊनच. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. जात माणसांनी केली हे मनाला पटले आणि मग सोवळे गळून पडले. १९०० मध्ये त्यांनी स्वतःचा बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या धर्मांतराने बायकोचे पाणी बदलत नाही. ते ज्याचे त्याने बदलायचे असते.

नाशिकची कथा कमी लोकांना ठाऊक आहे, आणि आपण राहतो त्या किनाऱ्याशी तिचा थेट संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून गुलामांनी भरलेली गलबते अरबी समुद्रात येत. झांझिबार तेव्हा ओमानच्या राजघराण्याच्या ताब्यात होते आणि हा व्यापार त्या वाटेवर चाले. ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गलबतांतून सुटलेली मुले मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतील पुष्कळ नाशिकच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या वस्तीत वाढली. तिथे सुतारकाम, लोहारकाम शिकली, मराठी ख्रिस्ती मुलांबरोबर एका मंडळीत आली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या तुकडीत सामील झाला, त्याचे शव समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत उभा राहिला. झांझिबारच्या बाजारातील गुलाम, नाशिकचा शेतकरी आणि इंग्रज पाद्री यांना एका मेजाशी आणण्याची ताकद गोदावरीकाठच्या त्या भाकरीत होती.

ही ओढ ख्रिस्त्यांचीच होती असे मात्र कोणी समजू नये. एकनाथांनी महाराच्या घरी जेवण केल्याची आख्यायिका, वारकऱ्यांचा काला, रत्नागिरीतील सावरकरांची सहभोजने, आणि सर्वांत प्रखर असा १९२७ चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह, या साऱ्यांना एकच गोष्ट कळली होती. माणसे एकत्र बसून खातात-पितात की नाही, यावर समतेची परीक्षा होते. भाषणांवर होत नाही.

मेजापाशी एक, मांडवात वेगळे

पण परीक्षेत आम्ही ख्रिस्ती पूर्ण उत्तीर्ण झालो, असे लिहिले तर ते खोटे होईल. गोव्यात चर्चच्या उत्सवांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘कोंफ्रारी’ जातीजातींत वाटल्या गेल्या होत्या. बामण, चारडे आणि सुदीर हे भेद बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळले नाहीत. वसईत सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्त्यांनी आपापले वेगळेपण, बोली आणि पेहराव जपला. त्यातले पुष्कळ लोभसवाणे आहे, पण सोयरीक जुळवताना त्याच्या भिंतीही होतात. नगर जिल्ह्यातही कोणाचा पूर्वज कोण होता हे लग्नाच्या बोलण्यात निघतेच. रोटीव्यवहार मेजापाशी झाला, बेटीव्यवहार मांडवाच्या दाराशी अडला. दलित ख्रिस्त्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे प्रश्न आपल्याच धर्मपुढाऱ्यांना विचारले, ते याच जागेवर बोट ठेवून विचारले.

वाढणाऱ्यांच्याच पंगती

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. जे मिशनरी मराठी माणसाला सांगत होते की सोवळे सोडा आणि एकत्र जेवा, ते स्वतः एकमेकांबरोबर हे पवित्र जेवण जेवत नव्हते.

त्याची मुळे युरोपात. १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे मार्टिन लूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर त्यांचे एकमत झाले. पंधरावे कलम प्रभुभोजनाचे. भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो की ती आठवणीची खूण आहे, यावर ते फुटले आणि प्रॉटेस्टंट पंथाच्या दोन वाटा झाल्या. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स त्याआधीच, अकराव्या शतकापासून दुरावले होते. मग प्रश्न आला हा विधी कोणाच्या हातून व्हावा याचा. ज्या पाळकावर बिशपने हात ठेवलेले नाहीत त्याने मोडलेली भाकर ग्राह्य की अग्राह्य? हा प्रश्न वाचून मराठी वाचकाला ‘हातचे’ या शब्दाची आठवण झाली, तर त्याला मी दोष देणार नाही.

ही सारी भांडणे जहाजातून इकडे आली. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनची मंडळी होती. १८७० च्या दशकात अँग्लिकनांची एस. पी. जी. मिशनही आली. मग एकाच तालुक्यात, एकाच समाजातून, कधी एकाच भावकीतून ख्रिस्ती झालेली माणसे वेगवेगळ्या मेजांवर बसू लागली. त्यांना मारबुर्ग कुठे आहे हेही ठाऊक नव्हते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, आणि ख्रिस्ती पंथांचा हा गलबला पाहून चक्रावल्या. एका देवाचे लोक इतक्या नावांनी का वेगळे, हा त्यांचा प्रश्न अखेरपर्यंत बोचरा राहिला. टिळकांनी तर १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी.

याच समुद्राच्या दुसऱ्या काठावर १९१३ मध्ये एक प्रसंग घडला. केनियातील किकुयू येथे निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची परिषद भरली. शेवटी मोंबासाच्या अँग्लिकन बिशपांनी स्कॉटिश चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी केला आणि इतर पंथांच्या लोकांनाही भाकर दिली. झांझिबारचे बिशप फ्रँक वेस्टन यांनी यावर थेट पाखंडाचा आरोप ठेवला. प्रकरण कँटरबरीच्या आर्चबिशपांपर्यंत गेले. निकाल इतका सावध लागला, की तो विधी देवाला अतिशय आवडला पण पुन्हा करू नये, असा त्याचा अर्थ इंग्लंडातले विनोदी लोक सांगू लागले. वेस्टन हे ढोंगी गृहस्थ नव्हते. झांझिबारमधील त्यांचे कॅथेड्रल गुलामांच्या जुन्या बाजाराच्या जागेवर उभे आहे आणि आफ्रिकी लोकांसाठी ते पोटतिडकीने लढले. पण त्यांच्या मते आधी श्रद्धा एक, मग मेज एक. उलट केले तर ऐक्याचे नाटक होईल.

नागपूर, १९७०

हिंदुस्थानातील ख्रिस्त्यांना हे ओझे सर्वांत आधी असह्य झाले, याचे कारण उघड आहे. जातीच्या पंगती मोडा असे सांगायचे आणि आपल्या पंगती वेगळ्या मांडायच्या, हे इथे लोकांच्या डोळ्यांवर येई. १९१९ मध्ये तमिळनाडूतील तरंगमबाडी येथे बिशप अझरिया आदी देशी पुढाऱ्यांनी ऐक्याची हाक दिली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाल्यावर सहा आठवड्यांत, मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. बिशप असलेले अँग्लिकन आणि बिशप नसलेले प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट एकत्र आल्याचे जगातील ते पहिले मोठे उदाहरण.

उत्तरेला वेळ लागला. १९२४ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आल्या होत्या. १९२९ पासून बोलणी चालली ती चाळीस वर्षे. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा पंथ एक झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मले. अँग्लिकन, युनायटेड चर्च, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स असे ते सहा. अमेरिकन परंपरेचे मोठे मेथडिस्ट चर्च अगदी शेवटच्या घटकेला बाहेर राहिले. सर्व पंथांच्या पाळकांनी त्या दिवशी एकमेकांच्या हातून हस्तारोपण स्वीकारले; म्हणजे ‘कोणाच्या हातचे’ हा प्रश्नच पुसून टाकला. लहान बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि फक्त प्रौढांचा मानणारे असे दोघेही एका मेजावर बसतील, असेही ठरले. ही तडजोड कागदावर वाचताना कोरडी वाटते. नगर जिल्ह्यातील ज्या घराण्यांत अँग्लिकन मामा आणि अमेरिकन मिशनचे काका होते, त्यांना तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

नंतर काय झाले तेही लिहिले पाहिजे. काही जुन्या मंडळ्या बाहेर राहिल्या. मिशनच्या जमिनी आणि इमारती कोणाच्या, यावरून खटले झाले. गुजरातमधील ब्रदरन मंडळीचे विलीनीकरण कायद्याने झालेच नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. भाकर वाटून घेणे जमले. सातबारा वाटून घेणे कठीण गेले. तरीही १९७८ मध्ये उत्तर, दक्षिण आणि केरळचे मार थोमा अशा तीन चर्चनी संयुक्त परिषद केली, आणि त्यांचे सभासद आजही एकमेकांच्या मेजावर हक्काने बसतात.

मस्कतचे आवार

आता आपल्या गावाकडे, म्हणजे मस्कतकडे, वळू. जुन्या मस्कतमध्ये ‘बैत ग्रेझा’ नावाची एक हवेली आहे. हा ‘ग्रेझा’ म्हणजे पोर्तुगीज ‘इग्रेजा’, अर्थात चर्च. आपल्या गोव्याकडची ‘इगर्ज’ ती हीच. १५०७ मध्ये आल्बुकर्कने हे बंदर जाळून घेतले, १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ यांनी पोर्तुगीजांना हाकलले. मिराणी आणि जलाली हे किल्ले राहिले आणि भाषेत हा एक शब्द राहिला. तोफांबरोबर आलेले ते जेवण तोफांबरोबरच गेले.

दुसऱ्यांदा आले ते हात रिकामे ठेवून. लाहोरचे माजी बिशप थॉमस व्हॅल्पी फ्रेंच हे अँग्लिकन गृहस्थ उतारवयात, फेब्रुवारी १८९१ मध्ये, एकटेच मस्कतला आले आणि मे महिन्यात इथल्या उन्हाने गेले. जवळच्याच एका लहानशा खाडीत त्यांची कबर आहे. १८९३ मध्ये अमेरिकेच्या रिफॉर्म्ड चर्चच्या अरेबियन मिशनचे पीटर झ्वेमर आले. १८९६ मध्ये त्यांनी गलबतांवरून सोडवलेल्या अठरा गुलाम मुलांना आपल्या घरी ठेवून शिकवले. नाशिकच्या शरणपूरची आठवण व्हावी असेच ते काम. दोन वर्षांत झ्वेमरही वारले. पुढे मत्राहला मिशनचे रुग्णालय झाले. डॉ. पॉल हॅरिसन आणि डॉ. वेल्स थॉम्स यांची नावे जुन्या ओमानी कुटुंबांत आजही आदराने निघतात, कारण १९७० पूर्वी या देशात आधुनिक उपचार मिळण्याच्या जागा फारच थोड्या होत्या.

१९७० मध्ये सुलतान काबूस गादीवर आले. देश उघडला, आपल्यासारखे लोक आले, आणि सुलतानांनी चर्चसाठी रुवी येथे, पुढे घाला येथेही जागा दिली. मोतीश्वराचे देऊळ त्याआधीच होते, हे आपण जाणतोच. इथे बिगर-मुस्लिम उपासना नेमून दिलेल्या जागेतच करायची असते. त्यामुळे रुवीच्या एकाच परिसरात कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, मार थोमा, साउथ इंडिया अशा अनेकांना शेजारी शेजारी नांदावे लागते. रविवार कामाचा, म्हणून मुख्य उपासना शुक्रवारी. प्रॉटेस्टंट चर्च इन ओमानमध्ये अँग्लिकन आणि रिफॉर्म्ड या दोन परंपरांचे पाळक मिळून सेवा करतात. म्हणजे बिशप फ्रेंच आणि पीटर झ्वेमर यांचे वारस एका छपराखाली आले. शुक्रवारी सकाळपासून रात्रीपर्यंत इंग्रजी, मलयाळम, तमिळ, कोकणी, अरबी, तागालोग अशा भाषांतील उपासना होत राहतात. एक समूह बाहेर पडतो, दुसरा चपला सावरत आत येतो.

हे पाहून आपले हिंदू मित्र म्हणतात, किती छान, सारे एकत्र! इंजिनिअर म्हणून मी म्हणेन, हे वेळापत्रकाचे ऐक्य आहे. अनेक प्रोग्रॅम एकाच यंत्रावर आळीपाळीने चालतात म्हणून ते एकमेकांशी बोलतात असे नाही. नगरचा मी मार थोमांच्या मेजावर भाकर घेऊ शकतो. शेजारच्या दारी, वसईच्या माझ्या कॅथलिक मित्राबरोबर मिस्साला बसलो, तर भाकर घेण्याच्या वेळी मला जागेवर थांबावे लागते. मलंकार ऑर्थोडॉक्सांकडेही तेच.

यात तिरस्कार नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स यांचे म्हणणे असे, की प्रभुभोजन हे पूर्ण झालेल्या ऐक्याचे शिखर आहे. जे ऐक्य अजून झालेले नाही त्याची खोटी सही कशाला करायची? आम्ही प्रॉटेस्टंट म्हणतो, ते ऐक्याकडे नेणारे अन्न आहे. भुकेल्याला मुक्कामी पोहोचल्यावरच जेवण द्यायचे हे कोणते शहाणपण? गावाकडे वाळीत टाकलेल्याला परत घेताना आधी पंच तंटा मिटवीत आणि मग जातजेवण होई. पण दोन भावांचा अबोला आईने एका ताटात वाढल्यानेही सुटलेला आपण पाहिला आहे. दोन्ही रीती खऱ्या आहेत, म्हणूनच हा वाद सोपा नाही. १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेने इतर ख्रिस्त्यांना भाऊ म्हणून ओळखले, १९८२ मध्ये पेरूतील लिमा येथे निरनिराळ्या चर्चच्या धर्मशास्त्र्यांनी बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि पाळकपद यांवर एक संयुक्त मसुदा केला. अंतर पुष्कळ कमी झाले. मेज अजून एक झालेले नाही.

२०२० मध्ये कोविड आला आणि मस्कतमधील मशिदी, देवळे, चर्च सारेच बंद झाले. जगभर ख्रिस्ती लोक पडद्यासमोर आपापल्या घरची भाकर घेऊन बसले. हे प्रभुभोजन झाले का, असा प्रश्न मला माझ्या व्यवसायामुळे पुष्कळांनी विचारला. माझे उत्तर एवढेच, की आवाज पाठवता येतो, चित्र पाठवता येते; शेजाऱ्यासाठी थांबणे पाठवता येत नाही. पडद्यावर प्रत्येकाची भाकर वेगळी होती, आणि कोणाकडे ती नव्हती हे कोणालाच दिसत नव्हते.

थांबण्याविषयी

पौलाच्या त्या घरगुती सल्ल्यापाशी पुन्हा यावे लागते. रुवीच्या आवारात शुक्रवारी कंपनीच्या बसमधून उतरणारे कामगार असतात. शिफ्ट संपवून आलेले, गर्दीत मागे उभे राहणारे. कोणत्या पंथाचे मेज बरोबर, हा प्रश्न धर्मशास्त्री सोडवतील तेव्हा सोडवतील. पण उशिरा आलेल्या त्या माणसासाठी कोणी थांबले की नाही, हे दर आठवड्याला तिथल्या तिथे कळते, आणि त्याला बिशपाची परवानगी लागत नाही.

मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला ‘मंडळी’ म्हणतो; आपण आपल्या संस्थेला मंडळ म्हणतो. शब्द एकाच घरचा आहे. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला मी वर्षानुवर्षे तुमच्या पंगतीत बसत आलो, मला कोणी जात-धर्म विचारला नाही, आणि पंचहौदाच्या चहापासून इथवर आपण आलो याचे मला अप्रूप आहे. पण आता ओळ जातीने फारशी पडत नाही. ती पगाराने आणि व्हिसाच्या प्रकाराने पडते. या देशात बांधकामावर, गॅरेजमध्ये, रुसैलच्या कारखान्यांत मराठी बोलणारी मुले आहेत. त्यांना सभासद-वर्गणी झेपत नाही, आणि कार्यक्रमाच्या वेळी त्यांची शिफ्ट असते. करिंथच्या लोकांनीही कोणाला हाकलले नव्हते. ते फक्त लवकर जेवून मोकळे झाले होते.